डास चावला की काय लावू, काकू?

जून लागला की माझ्या पाळणाघराच्या दारात सकाळी हा प्रश्न ठरलेला. आई घाईत असते, एका हातात मुलाचा डबा, दुसऱ्या हातात मूल, आणि मुलाच्या पोटरीवर लालबुंद गांध उठलेली. "काकू, रात्रभर खाजवत होता हो. काय लावू?" मी चिपळूणात पाळणाघर चालवते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं माझ्याकडे असतात, त्यामुळे कोकणात चावणारं म्हणून जे जे काही आहे त्याची खूण मी कुठल्या ना कुठल्या मुलाच्या अंगावर पाहिली आहे. बस पकडायच्या घाईतल्या आईला दारात उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगितलं की घरी भलतंच काहीतरी लावलं जातं. म्हणून इथे नीट लिहिते आहे.

चावलेल्या जागी लावायचा कुठलाही उपाय मी दोन प्रश्न विचारून पारखते. पहिला, याने ती जागा थंड पडते का? दुसरा, मुलाने हे चाटलं तर चालेल का? दुसरा प्रश्न मोठ्यांच्या कधी मनात येत नाही. पण लहान मूल हातावर काहीही लावलं की ते आधी तोंडात घालतं. या एका प्रश्नावर आपल्या घरातले निम्मे उपाय बाद होतात, आणि होऊ द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

आधी खाज येते कशी ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डास चावतो म्हणजे मादीच चावते. तिला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं लागतात. सोंड आत गेली की ती आपली लाळ सोडते, त्यामुळे रक्त गोठत नाही. ही लाळ आपल्या शरीराला परकी वाटते, त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाणी झिरपून गांध उठते आणि कंड सुटतो. पहिली गांध काही मिनिटांत येते, वीसेक मिनिटांत तिचा जोर सगळ्यांत जास्त असतो, मग ती आपोआप बसायला लागते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी टणक लाल पुळी येते आणि ती मात्र काही दिवस अधूनमधून खाजत राहते.

म्हणजे घरगुती उपायाकडून आपल्याला काय हवं आहे? ती खाजेची पंधरा-वीस मिनिटं नखाला कातडीपासून लांब ठेवणं. एवढंच. लाळ आत गेलेली आहे, ती कुठल्याही पाल्याने बाहेर येणार नाही. पण तेवढ्या वेळात नख लागलं नाही तर पुढचे आठ दिवस सुखाचे जातात. आणि लागलं तर साल निघते, नखातली घाण आत जाते, जागा पिकते, आणि डासाचं दुखणं बाजूला राहून जखमेचं दुखणं सुरू होतं.

"आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो, मग यालाच एवढं का सुजतं?" असंही आया विचारतात. मुलाचं रक्त गोड वगैरे काही नसतं. अगदी तान्ह्या बाळाला डास चावला तरी पुष्कळदा काहीच उठत नाही, कारण शरीराची त्या लाळेशी ओळखच झालेली नसते. चावे होत जातात तशी प्रतिक्रिया वाढते. बालवाडीच्या वयात ती चांगलीच ठळक दिसते, आणि पुढे वर्षानुवर्षं डास चावून चावून ती बोथट होते. आईबाबांनाही डास चावलेलेच असतात, फक्त त्यांच्या अंगावर ते दिसत नाही. काही मुलांना तर नवा डास चावला की आठ दिवसांपूर्वीच्या जुन्या पुळ्याही पुन्हा उठतात आणि खाजतात. अशा मुलाच्या घरी मी आधीच सांगून ठेवते की पावसाळाभर हे चालणार, घाबरू नका, पण बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून या.

आता उपाय. पहिला साबण-पाण्याचा. यात काही चमत्कार नाही म्हणून लोक तो सोडून देतात, पण अंगावरचा घाम, माती, खाजऱ्या पाल्याचे कण निघून गेले की अर्धी चुरचूर तिथेच थांबते. धुवायचं हलक्या हाताने, पंचाने टिपायचं, घासायचं नाही.

आणि लगेच थंडावा. हा माझा सगळ्यांत लाडका उपाय आहे, कारण माझ्या दोन्ही प्रश्नांना तो उतरतो. फ्रिजच्या दारात एका वाटीत मी स्टीलचे चहाचे चमचे ठेवलेले असतात. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, साध्या कप्प्यात. कुणी खाजवताना दिसलं की चमच्याची पाठ गांधीवर टेकवायची. पहिल्या क्षणी मूल अंग चोरतं, पाय मागे घेतं. दुसऱ्या क्षणी पाय तिथेच थांबतो. तिसऱ्या क्षणी खांदे खाली येतात आणि ते चमच्याकडे बघायला लागतं. मग चमचा त्याच्याच हातात द्यायचा. जो हात खाजवत होता त्याच हाताला काम मिळतं, आणि हे त्या थंडाव्याइतकंच महत्त्वाचं आहे. चमचा कोमट झाला की स्वतःच "काकू, दुसरा" म्हणत येतात. तीन वर्षांचं मूलसुद्धा हे शिकतं. घरी फ्रिजमध्ये चमचा नसेल तर माठातल्या पाण्यात पंचाचं टोक भिजवून घडी ठेवली तरी चालते. बर्फ वापरायचा तर रुमालात गुंडाळून, पाचेक मिनिटं, आणि मध्ये उचलून कातडी बघायची. उघडा बर्फ कातडीला लावून ठेवू नये, त्यानेही इजा होते. थंडावा मिळाला की कंडाचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी होतो आणि फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. आपले बहुतेक चांगले उपाय तपासून पाहिले तर त्यांच्या मुळाशी हा थंडावाच सापडतो.

माझ्या माहेरी गुहागरकडे वाडीत गांधीलमाशी चावली की दंशावर लोखंड घासायचे. बाबा अडकित्ता घेऊन यायचे. सुपारीच्या बागायतदाराच्या घरात तो नेहमी हाताशीच असतो. मिटलेल्या अडकित्त्याची रुंद बाजू दंशावर दाबून धरायचे आणि बोलत बसायचे. मला बरं वाटायचं. त्या लोखंडात विष ओढून घेण्याची ताकद आहे असं आम्ही मानायचो. पण धातूला हात लावला की गार लागतो, कारण तो अंगातली उष्णता भराभर घेतो. मोठा जाड अडकित्ता तर पुष्कळ वेळ गार राहतो. बाबांचा उपाय खराच होता. आज माझ्या फ्रिजमधले चमचे तेच काम करतात, फक्त त्यांना धार नाही आणि गंज नाही.

गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्यात एक फरक मात्र लक्षात ठेवा. मधमाशी आपली नांगी आत सोडून जाते आणि नांगीला विषाची पिशवी लटकलेली असते, ती नंतरही काही सेकंद विष ढकलत राहते. म्हणून नांगी दिसली की तत्काळ काढायची. नखाने खरवडा, बोटांनी ओढा, कशीही काढा, चिमटा शोधायला घरभर फिरू नका. गांधीलमाशी नांगी ठेवत नाही, त्यामुळे तिथे टोकरत बसायचं काही कारण नाही. धुवा आणि थंड करा. शाळेत आपण मधमाशीचं विष आम्ल म्हणून त्यावर सोडा लावावा असं शिकलो, पण ते विष म्हणजे नाना प्रथिनांचं मिश्रण असतं आणि कातडीच्या आत गेलेलं असतं. वरच्या सोड्याने ते उतरत नाही. सोड्याच्या थंड लेपाने बरं वाटतं, हे मात्र खरं.

तर सोडा. डासाच्या, मुंगीच्या चाव्यावर मी तो वापरते. चमचाभर खाण्याचा सोडा, त्यात थेंब थेंब पाणी घालून इडलीच्या पिठाहून जरा घट्ट लेप करायचा, गांधीवर बोटाने ठेवायचा आणि दहा मिनिटांनी धुवायचा. खाण्याचाच सोडा, धुण्याचा नव्हे. दोन्ही पांढरे, दोन्ही कधी कधी एकाच फळीवर, आणि धुण्याचा सोडा कातडी जाळतो. खाजवून साल निघालेल्या जागी खाण्याचा सोडाही लावू नका, चरचरतो. मूल पुन्हा म्हणून हात लावू देणार नाही.

आमसुलाचं पाणी. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलं पाण्यात भिजवून ते पाणी अंगाला लावतात, आणि त्याच सवयीने डासाच्या गांधीवरही लावतात. चाटलं तर चालेल या परीक्षेत आमसूल पहिलं येतं. खाजही कमी होते. माझ्या मते त्यात मोठा वाटा गार पाण्याचा आहे, पण आजीच्या हाताने लावून घ्यायला मुलं तयार असतात, कारण उरलेलं पाणी साखर घालून प्यायला मिळतं. अडचण एकच. आमसुलं करताना रातांब्याच्या सालांना मीठ लावलेलं असतं, त्यामुळे सोललेल्या जागी ते पाणी झोंबतं. कातडी अखंड असेल तेव्हाच लावा.

कोरफडीची कुंडी मात्र प्रत्येक घरात असावी. पण पान कापून तसंच चोळू नका. कापलेल्या टोकातून पिवळा चीक गळतो, तो काही जणांच्या कातडीला आणखी खाज आणतो. चाटला तर कडूजहर लागतो आणि पोटात गेला तर जुलाब होतात. पान कापलं की टोक खाली करून वाटीत उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा, मग साल काढून आतला पारदर्शक गर स्वच्छ धुवायचा. मी तो डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि दोन दिवसांत संपवते. गार गर गांधीवर ठेवला की कातडी लगेच शांत होते. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघावा, कारण काहींना कोरफडच सोसत नाही.

अंगभर पुळ्या असतील तर ओट्सची अंघोळ. मूठभर ओट्स मिक्सरमधून बारीक पीठ करायचे, जुन्या मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, कोमट पाण्याच्या बादलीत पिळत राहायची. पाणी दुधाळ होतं. ते अंगावर ओतून कातडी नुसती टिपायची. पाणी कडकडीत नको, गरम पाण्याने नंतर खाज भडकते. बादली-तांब्या बुळबुळीत होतात म्हणून मुलाचा हात धरून ठेवा.

आता खोबरेल तेल आणि कापूर. इथे माझं घरात आणि दारात सगळ्यांशी बोलणं होतं, म्हणून जरा थांबून लिहिते. सासूबाई दर पावसाळ्यात एक काचेची बाटली भरायच्या. खोबरेल कोमट करून त्यात कापराच्या वड्या चुरायच्या, बाटली हलवायच्या आणि दिवेलागणीला सगळ्यांच्या हातापायाला चोळायच्या. त्याने खाज जाते, यात शंका नाही. कापूर आणि बामातलं मेंथॉल त्वचेतल्या गार-गरम ओळखणाऱ्या मज्जातंतूंना असं काही चाळवतात की कंड मागे पडतो. कैलास जीवनची डबी उघडली की येतो तोही कापराचाच वास. मोठ्या माणसांनी खुशाल लावावं. पण माझा दुसरा प्रश्न इथे सक्त नकार देतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला आकडी येते, आणि त्यासाठी थोडासा कापूरही पुरतो. परिणाम दिसायलाही फार वेळ लागत नाही. ज्या हातावर कापराचं तेल चोळलं तोच हात ते मूल पाच मिनिटांनी चोखत असतं. म्हणून माझ्या पाळणाघरात कापराचं तेल येत नाही, बाम येत नाही, आणि कुठल्या आजीने प्रेमाने बाटली पाठवली तरी मी ती नमस्कार करून परत देते.

तेल राहू द्या, देवघराकडे आधी बघा. आरतीच्या तबकात कापराची उघडी डबी, तबक खालच्या फळीवर, आणि घरात रांगतं मूल. त्या पांढऱ्या वड्या मुलाला खडीसाखर वाटतात. प्रसाद म्हणून खडीसाखर त्याच देवघरातून त्याला रोज मिळत असते! डबी आजच वर ठेवा. मुलाने कापूर खाल्ला असं नुसतं वाटलं तरी उलटी करवत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

नुसतं खोबरेल मात्र गुणाचं. ते खाज थांबवत नाही, पण कोरडी, ताणलेली कातडी मऊ ठेवते, आणि मऊ कातडीला नख लवकर लागत नाही. मला त्याहून मुठेल आवडतं. रातांब्याच्या बियांचं ते घट्ट तेल बोटावर वितळवून जुन्या खपलीभोवती लावलं की खपली तडकत नाही.

काही उपायांना मी स्पष्ट नाही म्हणते. चुना पहिला. पानाच्या डब्यातला ओला चुना गांधीवर ठेवायची पद्धत कोकणात आणि देशावरही आहे. चुना कातडी जाळतो. खाज थांबते ती जळल्याच्या दुखण्याने. लसूण ठेचून बांधणं तसंच, लहान मुलाच्या पातळ कातडीवर त्याने फोड आलेले मी पाहिले आहेत. लिंबू आणखी फसवं, कारण लावताना काही होत नाही. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेलं की त्या जागी भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर काळे डाग महिनोन्महिने राहतात. टूथपेस्ट गार लागते, पण कातडी कोरडी पाडून चुरचुरवते. सकाळची शिळी थुंकी लावायला सांगणारे आजही भेटतात. तोंडातले जंतू फुटलेल्या कातडीवर नेऊन ठेवायचे, याला उपाय कसं म्हणायचं? गांधीवर नखाने फुली मारायची सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. मुलांना मी फुलीऐवजी तळहाताने दाबून धरायला शिकवते. गरम चमच्याचा चटका देण्याचं तंत्र हल्ली मोबाइलवर फिरतं. ठरावीक उष्णता काही सेकंद दिली तर खाज थांबते, त्यासाठी मोजून तापणारी उपकरणं मिळतात. पण गॅसवर तापवलेल्या चमच्याला मोजमाप नसतं. लहान मुलाच्या अंगाजवळ तो नेऊच नका.

पावसाळ्यात डासांव्यतिरिक्त दोन गोष्टी माझ्याकडे दरवर्षी येतात आणि दोन्ही चावत नाहीत. एक म्हणजे शेवग्यावरचे केसाळ सुरवंट. शेजारच्या परड्यात शेवगा आहे. पावसाने जोर धरला की एका सकाळी त्याचं खोड खालपासून हातभर उंचीपर्यंत राखाडी-तपकिरी दिसतं. जवळ गेलं की कळतं, ते सगळे एकमेकांना चिकटून बसलेले सुरवंट आहेत, आणि माणसाची चाहूल लागली की अख्खा थर एकदम हलतो. मुलांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे बारीक केस कातडीत रुततात आणि मिनिटाभरात हात लाल होतो. इथे चोळणं, तेल लावणं, ओल्या फडक्याने पुसणं, सगळं उलटं पडतं, केस आणखी आत जातात. चिकटपट्टी घ्यायची, ती जागेवर हलकेच दाबायची आणि उचलायची. उचललेली पट्टी उजेडात धरली की केस तिच्यावर दिसतात. प्रत्येक वेळी पट्टीचा नवा तुकडा, केस दिसायचे थांबेपर्यंत. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली साबण, त्यानंतर थंड चमचा. कपडे लगेच बदलायचे, कारण केस कपड्यांत राहतात. आणि मुलाचा तो हात डोळ्याला लागू द्यायचा नाही. डोळ्यात केस गेला तर घरी काही न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

दुसरा पेडेरस नावाचा किडा. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब, नारिंगी आणि काळे पट्टे आलटून पालटून, रात्री दिव्याखाली येतो. तो चावत नाही, पण झोपेत मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी बोट जिथून जिथून फिरलं तिथे लाल रेघ उठते, आग होते, बारीक फोड येतात. लोक याला नागीण समजतात आणि मंत्र घालायला जातात. किडा अंगावर दिसला तर मारू नका, कागदावर घेऊन उडवा. चिरडला गेलाच तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा. रात्री दाराबाहेरचा दिवा बंद ठेवला की हे पाहुणे कमी येतात.

दारात येणाऱ्या खाजऱ्या मुलांपैकी काहींना मी आत घ्यायच्या आधीच बोटांच्या बेचक्या दाखवायला सांगते. खाज रात्री वाढते, बेचक्यांत, मनगटाला, कंबरेच्या नाडीच्या जागी बारीक पुरळ आहे, आणि घरात आईही खाजवते आहे, तर ते डास नव्हेत, ती खरूज आहे. तिला सोडा, कोरफड काही उपयोगाचं नाही. डॉक्टर मलम देतात ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं, खाज असो वा नसो, आणि कपडे-अंथरुणं गरम पाण्याने धुवायची असतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कुणालाही होते. पण लपवली तर काही आठवड्यांत सगळं पाळणाघर खाजवतं.

रात्रीचं सांगायचं राहिलं. दिवसा लक्ष ठेवता येतं, रात्री झोपेत मूल खाजवतं. म्हणून नखं दर दोन-तीन दिवसांनी कापा आणि कापल्यावर कानशीने कडा घासा, कारण ताजं कापलेलं नख जास्त बोचतं. सुती, सैल, पायघोळ पायजमा घाला. झोपताना एकदा थंड घडी. कॅलामाइन लोशन लावायचं तर तेव्हाच, म्हणजे वाळेपर्यंत मूल झोपतं आणि चाटायचा प्रश्न येत नाही. त्यात झिंक ऑक्साइड असतं, गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि ते वाळताना जागा गार करतं. त्याने भागत नसेल तर खाजेचं सिरप डॉक्टरांना विचारून द्या. मात्रा वजनावर ठरते, मोठ्या भावाची बाटली धाकट्याला चालत नाही.

आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेली. संध्याकाळी नारळाची सोडणं आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धुरी करणारी घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण त्या धुराने मुलं खोकतात, म्हणून मुलांच्या खोलीत मी ती करत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर घुसलं, त्यानंतर आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा गावभर प्रत्येक खोलगट वस्तूत पाणी साचून राहिलं होतं. त्या दिवसांत मुलांच्या पायांवर तसूभर जागा मोकळी नसायची. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी परसात स्वतः फिरते. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. कुंडीखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या घड्या, जुनं टायर हे सगळेच सांगतात. आपल्याकडे खरी मेख नारळाच्या करवंट्यांत आहे. खोबरं खवून झालं की करवंटी बंबासाठी म्हणून मागल्या दारी टाकली जाते, ती उताणी पडते, आणि एका पावसात तळं तयार. करवंट्या छपराखाली, पालथ्या ठेवा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणजे मुलं माझ्याकडे असतात त्या वेळेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगते, आणि इथे घरगुती काही नको. चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घेताना आवाज येतो, उलटी झाली, मूल मलूल पडलं, तर त्याच मिनिटाला 108 ला फोन. तोंडात किंवा घशात माशी चावली तर सूज यायची वाट बघू नका. गांधीभोवतीची लाली वाढत चालली, हात लावला की गरम लागते, पू आला किंवा मधाच्या रंगाची खपली धरली, तर त्याच दिवशी दाखवा. चावल्यानंतर काही दिवसांनी ताप आला तरीही. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, तेल, चटका काही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, आणि पुढे ताप आला तर गोचिडीचं आठवणीने सांगा. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून माकडताप दिसलेला आहे, तो गोचिडीनेच पसरतो. आणि विंचू. विंचवाला पाला, बिब्बा, मंत्र यांत एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाने दगावणारी मुलं वाचवण्याचा मार्ग दाखवला. हे औषध वेळेत मिळायला हवं, म्हणून मुलाला थेट रुग्णालयात न्या.

शेवटी डागांबद्दल, कारण मुली थोड्या मोठ्या झाल्या की आया तेच विचारतात. गव्हाळ-सावळ्या कातडीवर चावलेल्या जागी काळसर डाग राहतो. तो मळ नव्हे, घासून जात नाही. त्यावर हळद, बेसन, लिंबू काही घासू नका. कातडी पुन्हा दुखावली की डाग आणखी गडद होतो. उन्हात पाय झाकलेले ठेवा, रात्री खोबरेल किंवा मुठेल लावा आणि सोडून द्या. गणपतीत दिसणारे डाग बहुतेक मुलांचे होळीपर्यंत फिके झालेले असतात.